इंजिनाला जुलाब

गेल्या पोळ्याला भाचा पुण्याहून गाडी घेऊन आला. चार वर्षांची पेट्रोल गाडी, अंगावर ओरखडा नाही. चहा व्हायच्या आधीच त्यानं सर्व्हिसिंगचं बिल माझ्यापुढं धरलं. "मामा, ह्यात काही जास्तीचं लावलंय का बघा." ऑइल, फिल्टर, वॉशिंग, मजुरी आणि मधेच एक ओळ: इंजिन फ्लश, चारशे साठ रुपये. वर त्याला त्याच औषधाची एक भरलेली बाटलीही विकली होती, पुढच्या वेळेसाठी म्हणून.

"हे काय असतं?"

"जुलाबाचं औषध," मी म्हणालो.

तो हसला. मला हसू आलं नाही. हेच औषध मी केजला आणि नांदूरघाटात मिळून वीस वर्षं दिलेलं आहे. माझं बाटलीतलं नव्हतं, डब्यातलं होतं, आणि त्याच औषधानं मी एका भल्या माणसाची गाडी मारलेली आहे. तेव्हा त्या चारशे साठ रुपयांचा हिशेब सांगायचा तर फार मागून सुरुवात करावी लागते.

मी फिटर. आमच्याकडे मेकॅनिक हा शब्द आता आता आला. विहिरीवरच्या इंजिनापासून ट्रकपर्यंत ज्यानं पाना धरला तो फिटर, आणि त्याच्या हाताखालचा पोऱ्या. गाव केज तालुक्यात, बालाघाटाच्या रांगेत. गोदावरीकाठच्या गंगथडीत काळी माती आणि कापूस, आमच्याकडे माळ, मुरूम आणि ज्वारी. रेल्वेचं नाव नाही. बीड शहरालाच रूळ लागायला 2025 साल उजाडावं लागलं. म्हणून जे यायचं-जायचं ते सगळं रस्त्यानं, चाकावर. आणि चाक म्हटलं की वंगण आलंच.

आजोबांच्या बैलगाडीखाली बांबूचं एक नळकांडं टांगलेलं असायचं. त्यात एरंडेल आणि चिंध्या जाळून केलेली काजळी कालवलेली. नेकनूरच्या बाजाराला निघायच्या आदल्या रात्री चाक उतरवायचं, तुंब्यातलं आणि आखावरचं जुनं वंगण बोटानं निपटून काढायचं, फडक्यानं पुसायचं आणि मग नवं भरायचं. काढलेलं वंगण आजोबा दोन बोटांत चोळून बघत. मातीचे कण खरखरले की म्हणत, "औंदा रस्ता लई धूळ खायलाय." धुणं हा प्रकार त्यांच्याकडे नव्हता. बोट जाईल तिथवर हातानं काढायचं, एवढंच. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढं कित्येक वर्षांनी मला तिथंच परत यावं लागलं.

एरंड बांधावर आपसूक उगवायचा. निजामाच्या राज्यात एरंडाचं पीक साऱ्या देशात आघाडीवर होतं, आणि घराघरात एरंडेल दोन कामांना लागायचं: गाडीच्या आखाला आणि पोरांच्या पोटाला. शनिवारी सकाळी नाक दाबून एक पळी. त्या पळीची आठवण माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, तोंड वाकडं करील. विलायतेतही हेच तेल दोन्ही कामांना होतं बरं का. चार्ल्स वेकफिल्ड नावाच्या माणसानं 1899 मध्ये तिथं तेलाची कंपनी काढली आणि दहा वर्षांनी मोटारी-विमानांसाठी एरंडेल मिसळलेलं तेल बाजारात आणलं. त्याचं नाव कॅस्ट्रॉल, म्हणजे कॅस्टर ऑइलच. पहिल्या महायुद्धात ज्या विमानांचं अख्खं इंजिन पंख्याबरोबर गरगर फिरायचं, त्यांना एरंडेलच लागायचं. त्याचा धूर तोंडावर घेऊन वैमानिकांची पोटं बिघडायची असं सांगतात. असो, एरंडाचं गुऱ्हाळ इथंच थांबवतो. सांगायचं एवढंच की वंगण आणि जुलाब ही जोडी आमच्या डोक्यात मोटारीच्याही आधीपासून बसलेली होती.

मोटार आमच्या मुलखात आली ती निजामाच्या रेल्वेबरोबर. 1932 मध्ये त्या रेल्वेनं बससेवा सुरू केली, 27 गाड्या आणि 166 माणसं घेऊन. संस्थान 17 सप्टेंबर 1948 ला मोकळं झालं, 1956 मध्ये आम्ही मुंबई राज्यात गेलो, आणि 1961 मध्ये मराठवाड्याची एसटी महाराष्ट्राच्या महामंडळात मिसळली. या सगळ्या उलथापालथीत बसगाड्यांची पाटी बदलत गेली, पण कारखान्यातली माणसं तीच राहिली. त्यांच्यापैकीच एक माझे उस्ताद.

बहात्तरच्या दुष्काळात मी चौदा वर्षांचा होतो. बाप रोजगार हमीवर खडी फोडायला, मी पाण्याच्या टँकरवर पोऱ्या. टँकरचं इंजिन तापून बंद पडलं की ड्रायव्हर शिव्या द्यायचा आणि मी बॉनेट उघडून बघत बसायचो. एके दिवशी त्यानं मला केजला एका गॅरेजात नेऊन सोडलं. उस्ताद तेव्हा साठीला टेकलेले. तरुणपणी हैदराबादेत बसगाड्यांच्या कारखान्यात शिकलेले, बोलणं दखनी, पायजमा कायम काळा. त्यांनी पहिल्याच दिवशी मला एक वाक्य दिलं: "बेटा, पेट साफ तो सब साफ."

पोट म्हणजे चेंबर. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारी जी पत्र्याची परात असते, तिला आम्ही चेंबर म्हणतो. आणि ती साफ करायचं औषध म्हणजे रॉकेल. हा शब्दच मुळी रॉक ऑइलचा, दगडातल्या तेलाचा. घराघरात चिमणी आणि स्टोव्ह याच्यावर, म्हणून हाताशी असलेलं तेलही हेच. विधी असा: गाडी थोडी फिरवून इंजिन गरम करायचं. निम्मं ऑइल सोडून द्यायचं. लिटरभर रॉकेल ओतायचं. इंजिन चालू करायचं, रेस द्यायची नाही, तंबाखू मळून होईपर्यंत तसंच पुटपुटू द्यायचं. मग बंद करून ड्रेनचा नट काढायचा. घमेल्यात जे पडायचं ते डांबराच्या पाण्यासारखं, काळं आणि पातळ, उग्र वासाचं. गाडीमालक उकिडवा बसून त्या घमेल्याकडे बघत राहायचा. चेहऱ्यावर समाधान असं, की पोराला खरूज झाली होती आणि आता खपली पडली. एकदा एक ट्रकवाला मला म्हणाला होता, "कितीक घाण होती की वो आत!" आणि ठरलेल्या मजुरीवर दोन रुपये जास्त देऊन गेला.

याला आमच्याकडे इंजिन धुणं म्हणत, कुणी रॉकेल फिरवणं म्हणत. आणि पुरतं इंजिन खोलून बांधायचं असलं तर त्या कामाला ओव्हरऑइल. इंग्रजी शब्द ओव्हरहॉल आहे हे मला पन्नाशीत कळलं. पण ओव्हरऑइल मला आजही जास्त पटतो. आमच्या धंद्यात प्रत्येक रोग शेवटी ऑइलवरच येऊन थांबायचा.

उस्ताद चुकीचं शिकवत नव्हते. ते ज्या काळात शिकले त्या काळाला ते बरोबर होतं, आणि हेच लोकांना समजावून सांगणं मला आयुष्यभर जड गेलं. सुरुवातीच्या मोटारींना ऑइल फिल्टरच नव्हता. फोर्डची मॉडेल टी 1908 ची, तिला नव्हता. 1923 मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलंड आणि जॉर्ज ग्रीनहाल्ग यांनी मोटारीच्या इंजिनाला ऑइल गाळायचं यंत्र काढलं, आणि त्याला नाव दिलं प्युरोलेटर. ऑइल जमिनीतून निघालेलं, गाळलेलं, पण साधं. इंजिनात जळणाऱ्या तेलाची काजळी, पाण्याची वाफ, रस्त्याची धूळ, झिजलेल्या लोखंडाचा कीस, हे सगळं त्या साध्या ऑइलमधून तळाशी बसायचं. ताकाखाली चोथा बसतो तसं. ऑइल सोडलं तरी चोथा जागच्या जागी. वर नवं ऑइल ओतलं की ते चार दिवसांत तसंच. म्हणून जुन्या विलायती गाड्यांच्या पुस्तकांतच लिहिलेलं असायचं की ऑइल बदलताना पातळ फ्लशिंग ऑइल घालून इंजिन धुवा. ते वेगळं पातळ ऑइल केजला कोण आणून देणार? रॉकेल होतं, रॉकेल वापरलं.

या धुण्याचं कारणच ज्यानं काढून घेतलं, तो शोध लागला शेतात, मोटारीत नव्हे. अमेरिकेतल्या कॅटरपिलर कंपनीनं 1931 मध्ये डिझेलवर चालणारा ट्रॅक्टर काढला. डिझेलच्या इंजिनात उष्णता जास्त, काजळी जास्त. पिस्टनच्या रिंगा चिकट राळेनं खाचेतच चिकटून बसायला लागल्या. रिंग मोकळी नाही म्हणजे दाब गेला, ऑइल वर चढलं, धूर. साध्या ऑइलला हे झेपेना. तेव्हा कॅटरपिलर आणि कॅलिफोर्नियाची स्टँडर्ड ऑइल कंपनी यांनी 1935 च्या सुमारास असं ऑइल केलं ज्यात धातूचे साबणासारखे क्षार विरघळवलेले होते. थोडक्यात, ऑइलमध्येच साबण. रिंगांवर राळ धरायच्या आधीच ते तिला सोडवायला लागलं. पुढं पन्नाशीच्या दशकात आणखी एक द्रव्य आलं, जे काजळीच्या बारीक कणाला एकटं गाठून त्याच्याभोवती चिकटतं आणि त्याला दुसऱ्या कणाशी मिळूच देत नाही. कण मिळाले नाहीत तर गोळा होत नाही, गोळा झाला नाही तर तळाशी बसत नाही. तो तरंगत राहतो आणि ड्रेनचा नट काढला की ऑइलबरोबरच बाहेर पडतो. साठीच्या दशकात अमेरिकी गाड्यांना पिस्टनच्या बाजूनं गळणारी वाफ परत ओढून जाळणारी झडप लागली, त्यानंही चेंबरमधला चिखल कमी झाला.

म्हणजे इंजिन आता चालता चालता रोज धुतलं जात होतं. फक्त ही बातमी नांदूरघाटला पोचायला फार वेळ लागला.

मला ती कळली 1983 च्या आगेमागे. तोवर मी गावात परत येऊन स्वतःचं टपरीवजा गॅरेज टाकलं होतं. कामं जास्त करून विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या इंजिनांची. किर्लोस्करांची ऑइल इंजिनं पुण्याला 1946 पासून होत होती, आणि बहात्तरनंतर ज्याच्या विहिरीला पाणी लागलं त्यानं कर्ज काढून एक बसवलंच. एका ऑइल कंपनीची माणसं तालुक्याला आली, फिटर लोकांना चहा-भजी देऊन बसवलं. टेबलावर काचेच्या दोन बरण्या. दोन्हींत ऑइल, दोन्हींत चिमणीवरची काजळी टाकून हलवलेली. पहिलीत अर्ध्या तासात काजळी तळाशी गेली आणि वर ऑइल पिवळं, स्वच्छ. दुसरी बरणी नुसती काळीकुट्ट. त्या माणसानं विचारलं, चांगलं ऑइल कुठलं? आम्ही सगळ्यांनी पिवळ्याकडे बोट दाखवलं. तो हसून म्हणाला, पिवळ्यातली घाण तुमच्या चेंबरला चिकटली, काळ्यातली घाण तुम्ही उद्या बाहेर ओताल.

मी त्या बरण्या अजून विसरलो नाही. डिझेल गाडीत नवं ऑइल टाकलं आणि शंभर किलोमीटरवर काळं झालं की मालक आजही भांडायला येतो, "डुप्लिकेट माल घातला काय वो?" काळं होणं हेच त्याचं काम आहे. डिझेल गाडीचं ऑइल महिनाभर सोन्यासारखं राहिलं, तर मला काळजी वाटेल.

पण बरण्या बघून मी शहाणा झालो असतो, तर पुढचं घडलं नसतं.

आमच्याकडच्या धंद्याचा मोसम दसरा-दिवाळीचा. बीड जिल्ह्यातली माणसं ऊस तोडायला सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकात जातात. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, पोरंबाळं, भांडी, शेळ्या, सगळं ट्रकमध्ये नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. सहा महिने ती गाडी कारखान्याच्या रांगेत, फडातल्या चिखलात, रात्री-अपरात्री. तिकडं बंद पडली तर उचल फिटत नाही. म्हणून निघायच्या आधी पंधरा दिवस माझ्या दारात रांग. आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच, "फिटर, इंजिन धुऊन द्या, मोकळं करून द्या." नवं ऑइल घालायला पैसे नसायचे. सुटं ऑइल घ्यायचे, पिंपातलं, मापानं. ते कुठून गाळून आलेलं हे देवाला माहीत. रॉकेल स्वस्त. डिझेल स्वतः बदमाश होतं ते वेगळंच. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या डिझेलमध्ये वजनाच्या एक टक्क्यापर्यंत गंधक चालायचं. ते जळून आम्ल व्हायचं आणि ऑइलमधला साबण आधी त्यालाच मारण्यात खर्ची पडायचा. 2020 पासूनच्या डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत दहा भाग. आजच्या पोरांना त्यावेळच्या ऑइलची दशा सांगून कळायची नाही.

तर 1994. एक काळी-पिवळी जीप होती. नऊजणांची, पण सोळाजण बसायचे, टपावर वेगळे. मालक म्हणजे ड्रायव्हरच; बायकोचे दागिने गहाण टाकून घेतलेली. पाच-सहा वर्षांत त्यानं ऑइल बदललं असं कमीच झालं होतं, कमी झालं की वरून भर टाकायचा. मुलीच्या लग्नाचं वऱ्हाड न्यायचं म्हणून आदल्या दिवशी गाडी माझ्याकडे आणली. "सगळं साफ करून टाका." मी टॅपेट कव्हर उघडलं. आत गुळाच्या काकवीसारखा थर, वाल नावालाच दिसत होते. तिथंच मी थांबायला हवं होतं. पण दारात सात गाड्या, त्याला उद्या निघायचं, आणि कानात उस्तादाचं वाक्य. मी दोन लिटर रॉकेल ओतलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरवलं. घमेल्यात इतकं काळं पडलं की मी आणि तो दोघंही खूश. मग नवं, चांगल्यातलं, साबणवालं ऑइल भरलं.

दुसऱ्या दिवशी मांजरसुंब्याच्या घाटात ऑइलचा काटा खाली आला. त्याला वाटलं काटाच बिघडला. थोड्या वेळानं इंजिन ठोकायला लागलं आणि मग जाम. वऱ्हाड रस्त्यावर, नवरदेव ट्रकच्या केबिनमध्ये बसून मांडवात गेला.

गाडी ओढून आणली. मी चेंबर खाली उतरवलं. ऑइल पंपाच्या तोंडाला तारेची जाळी असते, ऑइल ओढताना कचरा आत जाऊ नये म्हणून. ती जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर अंगठ्याएवढा जाड काळा लगदा, कणीक थापावी तसा. मी बाहेर काढलं असं जे वाटलं होतं, त्याच्या कितीतरी पट मी भिंतीवरून सोडवून तळाशी लोटून दिलं होतं. घमेल्यात पडलं ते पातळ झालेलं. जे घट्ट होतं ते आतच राहिलं, आणि वरून घातलेल्या नव्या ऑइलनं घाटात गरम झाल्यावर उरलेलंही सोडवलं. पंप कोरडा, बेरिंगला ऑइल नाही, क्रँक भाजून निळा पडलेला. शिवाय इंजिनाच्या नळ्यांत, फिल्टरमध्ये, कोपऱ्याकापऱ्यात अर्धा-पाऊण लिटर रॉकेल उरतंच. त्यानं नवं ऑइलही पातळ केलं होतं. रॉकेल दिव्याचं तेल आहे. दोन लोखंडांच्या मधे जो केसाएवढा पदर टिकायला हवा, तो धरायची ताकद त्यात नाही.

क्रँक घासून, बेरिंग, पंप, सगळं मी माझ्या पैशानं घातलं. तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

उस्ताद तेव्हा हयात होते, ऐंशीच्या पुढं. केजला जाऊन त्यांच्यापुढं ती जाळी ठेवली. त्यांनी ती बोटानं खरवडली, वास घेतला. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मेरे जमाने में तो हम छे महिने में एक बार चेंबर गिराते थे, बेटा. रॉकेल बाद में." म्हणजे त्यांच्या काळात आधी चेंबर खाली उतरवून हातानं चोथा काढायचे, जाळी धुवायचे आणि मग राहिलेलं रॉकेलनं. माझ्यापर्यंत येता येता त्यातलं कष्टाचं अर्धं काम गळालं आणि दिखाऊ अर्धं राहिलं. त्यांनी मला हे शिकवलं नव्हतं की मी ऐकलं नव्हतं, हे आता सांगता येत नाही. आखावरचं वंगण बोटानं निपटणारे आजोबा मला त्या दिवशी आठवले.

त्यानंतर मी रॉकेल फिरवणं बंद केलं. गिऱ्हाइकं तुटली. "फिटर आळशी झालाय" असंही बोललं गेलं. पण गाळ भरलेलं इंजिन आलं की मी चेंबर उतरवायचो, जाळी, परात हातानं साफ, मग चांगलं ऑइल आणि फिल्टर, आणि हजार किलोमीटरवर तेच परत. दोन-तीन वेळा असं केलं की ऑइलमधला साबण आपल्या चालीनं उरलेलं सोडवतो, थोडं थोडं, आणि ते फिल्टरमध्ये अडकतं. घाई करायची नाही. हेड गॅसकेट उडून पाणी ऑइलमध्ये गेलं, ऑइल कढीसारखं झालं, तर मात्र धुणं लागतंच. तेव्हाही मी हलक्या किमतीचं का होईना, इंजिनाचंच ऑइल भरून दहा मिनिटं फिरवून सोडतो. ऑइलनं ऑइल धुवायचं.

रॉकेलचा दुसरा धंदा मात्र रस्त्यावर जोरात होता. रेशनचं निळं रॉकेल डिझेलमध्ये मिसळून जिपा चालायच्या. सरकारनं निळा रंग घातला तो ओळखू यावं म्हणून, पण टाकीत बघतो कोण? पंपाची, नोझलची झीज होते ते झालंच. न जळलेलं रॉकेल रिंगांवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं आणि गेजवर ऑइल वाढलेलं दिसतं. ऑइल वाढलं म्हणून खूश होणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत. या भेसळीचा धंदा किती हिंस्र होता ते साऱ्या महाराष्ट्रानं 25 जानेवारी 2011 ला पाहिलं, मनमाडजवळ पानेवाडीला अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळलं तेव्हा. त्या दिवशी माझ्या गॅरेजात रॉकेलचा डबा होता, हातपाय धुवायला. मी तो उचलून मागच्या बाजूला नेऊन ठेवला. का ते सांगता येणार नाही.

आणि मग बाटली आली. तीनशे-साडेतीनशे मिलीलिटरची, चकचकीत, वर इंजिनाचं चित्र. जुन्या ऑइलमध्ये ओता, दहा-पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवा, सोडून द्या, फिल्टर बदला. आत काय असतं? रॉकेलचेच चुलतभाऊ, म्हणजे पातळ तेलं, आणि जोडीला साबण नि कण तरंगत ठेवणारी द्रव्यं. रॉकेलपेक्षा ती नक्कीच शहाणी आहे, हे मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही. रिंगा थोड्या चिकटल्या असतील, हायड्रॉलिक टॅपेट टकटक करत असतील, तर कधी गुण येतोही. पण वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनात तिला काढायला काही नसतं, आणि गाळानं भरलेल्या इंजिनात ती माझ्या दोन लिटर रॉकेलचंच काम करते. त्यातून टर्बोवाल्या गाड्या. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते आणि तिला ऑइल पोचवणारी नळी बोरूएवढी. तिथं एक कण पुरतो. जुन्या गाडीचं आणखी एक असतं. कडक झालेल्या सीलमधली फट गाळानंच बुजवलेली असते. गाळ गेला की गाडी दारात ऑइलचं शेणखत टाकते आणि मालक म्हणतो, धुवायच्या आधी तर गळत नव्हती!

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. त्याला एकच हवं होतं, "मग माझे पैसे गेले का?" मी म्हणालो, गाडी दाखव.

ऑइल भरायचं झाकण उघडून मोबाइलची बॅटरी आत मारली. कॅम तांब्यासारखा स्वच्छ, नुसती चहाच्या डागाएवढी झाक. धुवायला होतं काय? उलट झाकणाच्या आतल्या बाजूला मला लोण्यासारखा पिवळा पातळ थर दिसला, आणि तो कुठल्याच बिलात नव्हता. हा कंपनीत जातो चार किलोमीटर आणि येतो चार किलोमीटर. इंजिन पुरतं तापतच नाही, आतली वाफ निघून जात नाही, पाणी ऑइलमध्येच कालवतं. मी विचारलं, ऑइल कधी बदलतोस? "दहा हजारला, मामा. पण वर्षात एवढी फिरतच नाही, म्हणून दीड-दोन वर्षांनी."

"पुस्तकात दहा हजार किंवा एक वर्ष लिहिलंय. त्यातलं आधी येईल ते. तुझं वर्ष आधी येतंय."

त्यानं पुस्तक कधी उघडलंच नव्हतं. ग्लव्ह बॉक्समधून काढलं तेव्हा ते प्लास्टिकच्या पिशवीत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेतात गेलो. विहिरीवर जुनं इंजिन अजून उभं आहे. लाइट आल्यावर मोटर बसवली आणि ते तसंच राहिलं. सारा रंग उडालेला, हँडल कुणीतरी नेलं. चेंबरचा ड्रेन नट मी गेल्या दोन वर्षांत तीनदा पाना लावून बघितला होता, हलला नाही. भाच्याच्या गाडीत ती भरलेली बाटली होती. मी मागून घेतली, नटाच्या कडेनं थोडीथोडी सोडली आणि आम्ही आंब्याखाली डबा खाल्ला. तासाभरानं पाना लावला. कुरकुरत अर्धा फेरा, मग सुटला. आधी तांबडं गंजाचं पाणी आलं, ओंजळभर. मागून ऑइल, इतकं घट्ट की धार तुटेना. भाच्यानं बोट पुढं करून दोन बोटांत चोळलं.

"मामा, खरखरतंय."

"धूळ आहे," मी म्हणालो. "पुसून टाक. पँटीला लावू नको, निघत नाही."